निवडणुकीच्या भाषणातील निंदा आणि आवाहन

१

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर मागे पडले की बीबी हे गाव लागते. लोणार तालुक्यातील हे गाव तालुक्याचे ठिकाण नव्हे. तथापि ते वाहत्या रस्त्यावरचे असल्यामुळे प्रचाराच्या दिवसांत निरनिराळ्या पक्षांच्या गाड्या तेथे थांबतात, ध्वनिक्षेपक लागतात आणि लहानमोठ्या सभा होतात. अशी कोणतीही सभा लक्षपूर्वक ऐकली, तर वक्त्याच्या बोलण्यात दोन धागे आढळतात. एक धागा प्रतिपक्षाच्या उमेदवाराच्या निंदेचा, दुसरा समोर बसलेल्या सामान्य मतदाराला केलेल्या आवाहनाचा. साधारण समज असा की, हे दोन धागे परस्परांहून भिन्न आहेत. निंदा हा प्रचाराचा मलिन भाग आणि आवाहन हा त्याचा निर्मळ भाग होय. निंदा तेवढी वगळली म्हणजे प्रचार शुद्ध होईल, असे आपण वर्तमानपत्रांतून वारंवार वाचतो.

भाषेच्या अभ्यासकाला हा समज तपासून पाहिला पाहिजे. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, मराठीतील प्रचारभाषणात निंदा आणि आवाहन या दोन क्रिया नसून एकाच भाषिक क्रियेच्या दोन बाजू आहेत. त्यांना जोडणारा सांधा मराठीच्या व्याकरणातच आहे. आणि या क्रियेत मतदाराला जे स्थान मिळते ते, वरवर दिसते त्याहून, पुष्कळ गौण असते. विवेचनासाठी घेतलेली वाक्ये, सर्वश्रुत घोषणा वगळता, नमुन्यादाखल रचलेली आहेत. ती कोणा एका व्यक्तीची नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

२

‘लेकी बोले, सुने लागे’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात संभाषणाविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण दडलेले आहे. ज्याच्याशी बोलावयाचे तो आणि ज्याला लागावयाचे तो, हे दोघे एकच असतील असे नाही. अर्वाचीन समाजशास्त्रज्ञांपैकी अर्व्हिंग गॉफमन याने १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘श्रोता’ या एका शब्दाखाली आपण किती निरनिराळ्या भूमिका कोंबतो, हे विस्ताराने मांडले. आमच्या घराघरांतील सासवांना हे शास्त्र त्यापूर्वीच अवगत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रचारसभेची रचना अशीच त्रिकोणी असते. एका टोकाला वक्ता, दुसऱ्या टोकाला समोरचा मतदार, तिसऱ्या टोकाला प्रतिस्पर्धी. हा प्रतिस्पर्धी बहुधा सभेत हजर नसतो. येथे म्हणीच्या रचनेत एक लक्षणीय पालट झालेला दिसतो. म्हणीतील सासू सुनेला लागावे म्हणून लेकीला बोलते. तेथे लेक हे निमित्त होय. सभेतील वक्ता प्रतिस्पर्ध्याला लागेल असे बोलतो, परंतु त्याला खरोखर हलवावयाचे असते ते मतदाराला. तेथे प्रतिस्पर्धी हे निमित्त होय. निंदेचा बाण ज्याच्यावर सुटलेला दिसतो त्याचे मत वक्त्याला नकोच असते. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रात वक्ता, विषय आणि श्रोता अशी तीन अंगे सांगून भाषणाचा हेतू श्रोत्याकडे पाहून ठरतो असे म्हटले, त्याचा प्रत्यय येथे येतो. तात्पर्य, प्रचारातील निंदेचा खरा विषय प्रतिस्पर्धी नसून मतदार व वक्ता यांचे नाते हा असतो.

३

हे नाते बांधण्याचे पहिले साधन म्हणजे सर्वनाम. रॉजर ब्राऊन आणि ॲल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा अभ्यास करून, त्यांच्या वापरामागे सत्ता आणि आपुलकी ही दोन तत्त्वे असतात, असे प्रतिपादन केले. मराठीत हा विचार आणखी पुढे नेता येतो. कारण मराठीत आदराचा भेद केवळ द्वितीय पुरुषापुरता नसून तृतीय पुरुषातही आहे. गैरहजर माणसाबद्दल बोलतानाही ‘तो आला’ की ‘ते आले’ याची निवड वक्त्याला करावीच लागते. यातून पळवाट नाही. क्रियापदाचे वचन त्याचे मन उघडे पाडते.

म्हणूनच मराठी प्रचारभाषणात निंदेचा क्षण शब्दांहून आधी वचनातून ओळखू येतो. वक्ता ‘आमचे विरोधक उमेदवार म्हणाले’ असा प्रारंभ करतो. त्यांच्या कारकिर्दीचा पाढा वाचतो. आणि एका ठराविक ठिकाणी ‘ते’ गळून ‘तो’ येतो. एकही अपशब्द न वापरता समोरच्याची पायरी उतरवली जाते. सभेत हशा पिकतो तो बहुधा या ठिकाणी. उलटपक्षी, बोचरी टीका करतानाही आदरार्थी अनेकवचन कटाक्षाने पाळणारे वक्ते आहेत. त्यांच्या भाषणात आदर हाच उपरोधाचे वाहन होतो. आपल्या अलंकारशास्त्रात ज्याला व्याजस्तुती म्हणतात, त्याचा हा व्याकरणिक प्रकार होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात बोलीचा विचारही केला पाहिजे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. प्रमाण मराठीतील ‘मला, तुम्हाला’ यांच्या जागी ‘मले, तुमाले’, तसेच ‘डोळा’च्या जागी ‘डोया’ ही तिची सर्वांना ठाऊक असलेली लक्षणे. जिल्ह्याचा दक्षिण भाग मराठवाड्याला भिडलेला असल्यामुळे बीबीच्या आसपास ही रूपे व मराठवाडी वळणाची रूपे यांची सरमिसळ कानी पडते. सभेतील वक्ता योजना, निधी, मंजुरी यांविषयी प्रमाण मराठीत बोलतो आणि प्रतिस्पर्ध्याकडे वळताच बोलीत शिरतो, हा अनुभव अनेकांना असेल. ब्लॉम आणि गम्पर्झ यांनी १९७२ च्या लेखात नॉर्वेतील एका गावातील भाषापालट वर्णिला आहे. प्रसंग तोच असता बोली बदलून नाते बदलणे, असे त्याचे स्वरूप. येथील पालट त्याच जातीचा आहे. बोलीत केलेली निंदा ऐकणाऱ्याला परकी वाटत नाही. ती ओट्यावर चाललेल्या गप्पांसारखी वाटते. बोली बोलून वक्ता सांगतो, ‘मी तुमच्यातला’. आणि त्याच वाक्यात, न सांगता, ‘तो तुमच्यातला नाही’ हेही सांगून जातो. निंदा व आवाहन एका वाक्यात कशी नांदतात, त्याचे हे पहिले उदाहरण.

४

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. परंतु ‘आपण’ याच शब्दाचा अत्यादरार्थी द्वितीयपुरुषी उपयोगही आहे. सामान्यतः क्रियापदामुळे घोटाळा होत नाही. ‘आपण आलो’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही. मात्र क्रियापद सकर्मक व भूतकाळी असले की, मराठीत ते कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे अथवा भावे चालते. मग पुढील वाक्य पाहा:

‘गेल्या वेळी आपण त्यांना निवडून दिले.’

कोणी निवडून दिले? तुम्ही, की तुम्ही आणि मी? आदरार्थी अर्थ स्पष्ट करावयाचा तर ‘दिलेत’ असे तकारान्त रूप वापरता येते. परंतु ते ऐच्छिक आहे, आणि सभेतील वक्ता ते सहसा वापरत नाही. ‘आपण विचार केला पाहिजे’ या वाक्याचीही तीच गत. यातील संदिग्धता वक्त्याच्या फार उपयोगी पडते. प्रतिस्पर्ध्याची निंदा करताना एक अडचण असते: ज्याला नालायक म्हणावयाचे, त्याला मागील खेपेस याच मतदारांनी निवडलेले असते. निंदा जितकी कठोर, तितका मतदाराच्या शहाणपणावरचा ठपका मोठा. ‘तुम्ही चुकलात’ असे म्हणणारा उमेदवार मते गमावील. ‘आपण चूक केली’ असे म्हणणारा त्या चुकीत अर्धा वाटेकरी झाल्यासारखा भासतो. पुढे तो म्हणतो, ‘आपली फसवणूक झाली.’ येथे कर्ता लोपतो आणि चूक फसवणुकीत रूपांतरित होते. तिसऱ्या वाक्यात कर्ता पुन्हा येतो, पण तो निराळा असतो: ‘त्यांनी फसवले.’ तीन वाक्यांत दोष मतदाराकडून उचलून प्रतिस्पर्ध्याच्या पदरी घातला गेला. मतदाराचा मान राखणे हे आवाहन आणि प्रतिस्पर्ध्याला दोष देणे ही निंदा, ही दोन्ही कामे एका सर्वनामाच्या आधाराने झाली.

अन्य भाषांतही हा सांधा आढळतो. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीतील इंदिरा गांधींची प्रसिद्ध मांडणी आठवावी. ते म्हणतात इंदिरेला हटवा, मी म्हणते गरिबी हटवा, असा तिचा आशय होता. क्रियापद एकच, कर्म तेवढे बदलले. विरोधकांची निंदा आणि गरिबांना आवाहन यांना येथे एका क्रियापदाने बांधले आहे. त्यांतील एक काढले तर दुसरे उभे राहत नाही.

५

निंदा करणाऱ्याला आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. ती म्हणजे जबाबदारी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मधील चौथ्या पोटकलमानुसार, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी अथवा वर्तनाविषयी खोटे वस्तुविधान प्रसृत करणे ही भ्रष्ट आचारप्रथा ठरू शकते. मात्र ते विधान करणाऱ्याला स्वतःला खरे वाटत नसले पाहिजे आणि त्या उमेदवाराच्या निवडणुकीला बाधा आणण्याजोगे असले पाहिजे. १९६० च्या केरळ निवडणुकीपासून विकसित होत गेलेली आदर्श आचारसंहिताही सांगते की, टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी व कार्य यांपुरती असावी आणि सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी जीवनावर ती नसावी.

या तरतुदींतील कळीचा शब्द ‘विधान’ हा आहे. आता मराठी वक्त्यापाशी विधान न करता सुचवण्याची किती साधने आहेत ते पाहावे. पहिले साधन ‘म्हणे’. ‘त्यांनी पैसे घेतले’ हे विधान होय. ‘त्यांनी पैसे घेतले म्हणे’ यात वक्ता केवळ निरोप्या होतो. दुसरे साधन प्रश्न. ‘रस्त्याचे पैसे कोणाच्या घरी गेले?’ असे विचारताना पैसे कोणाच्या तरी घरी गेले, हे गृहीतच धरलेले असते. विचारला जातो तो केवळ पत्ता. आणि सभेतून एखादे नाव ओरडले गेले, तर आरोप वक्त्याने नव्हे, जनतेने केला असे होते. तिसरे साधन ‘मी कोणाचे नाव घेणार नाही’ हे वाक्य. नाव न घेण्याची घोषणा हेच नाव घेणे ठरते. चौथे साधन क्रियापदहीन घोषणा. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी दिलेली ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा याचे ठळक उदाहरण. मुंबईच्या बोलभाषेत ‘खोका’ म्हणजे एक कोटी. या घोषणेत कर्ता नाही, क्रियापद नाही; म्हणून खरेखोटेपणाच्या कसोटीला लावता येईल असे विधानही नाही. ज्यांच्यावर तिचा रोख होता त्यांनी आरोप नाकारला. पण विधानच नसल्यामुळे नकार कशाला द्यावयाचा, ही त्यांची अडचण भाषिक होती.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. इंदरलाल विरुद्ध लालसिंग या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजकीय टीका आणि वैयक्तिक चारित्र्यावरील आघात यांत भेद केला. दोहोंच्या सीमेवरील प्रकरणे अवघड असतात, हेही मान्य केले. विरोधकांना पैशाने विकत घेतो, असा आरोप तेथे वैयक्तिक चारित्र्याच्या बाजूस पडला. पुढे कुलतारसिंग विरुद्ध मुखत्यारसिंग या प्रकरणात, धर्माच्या नावाने केलेल्या आवाहनाचा प्रश्न निर्णयास आला असता, सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी असा दृष्टिकोन मांडला की, प्रचारपत्रक समग्र वाचले पाहिजे. निवडणुकीच्या तप्त वातावरणात अतिशयोक्ती व रूपके यांचा आश्रय घेतला जातो, हे लक्षात ठेवून त्याचा सामान्य मतदाराला होणारा अर्थ पाहिला पाहिजे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. अर्थ शब्दांत नसून शब्द, प्रसंग आणि श्रोता यांच्या संबंधात असतो, हे तत्त्व न्यायालयाने आपल्या मार्गाने गाठले. ‘म्हणे’ची ढाल व्याकरणात टिकेल, समग्र वाचनापुढे ती टिकेलच असे नाही.

६

विशेषणे आणि बिरुदे हा निंदेचा आणखी एक भाग. मराठी राजकारणात ती दीर्घायुषी असतात. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ जाऊन शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्या घटनेला विरोधकांनी लावलेला ‘पाठीत खंजीर खुपसला’ हा वाक्प्रचार आजही प्रचारात निघतो. २०२२ मध्ये शिवसेना दुभंगल्यावर ‘गद्दार’ हा शब्द असाच सर्वतोमुखी झाला. ज्यांच्यावर तो फेकला गेला, त्यांनी ‘बंड नव्हे, उठाव’ आणि ‘गद्दार नव्हे, खुद्दार’ असे प्रतिशब्द पुढे केले. घटना एकच; वाद होता तो तिला नाव कोणी द्यावयाचे याचा. नाव देण्याचा हक्क हा राजकारणातील फार मोठा हक्क होय.

बुलढाणा जिल्ह्यात या शब्दाची जणू परीक्षाच झाली. खासदार प्रतापराव जाधव, तसेच बुलढाणा व मेहकरचे आमदार संजय गायकवाड व संजय रायमुलकर हे तिघेही २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जाधव यांनी ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर यांचा सुमारे २९ हजार मतांनी पराभव केला. शेतकरी चळवळीतून आलेले अपक्ष रविकांत तुपकर यांनीही सुमारे अडीच लाख मते घेतली. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत बुलढाण्यात गायकवाड अवघ्या ८४१ मतांनी निवडून आले, तर मेहकरमध्ये ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात यांनी रायमुलकरांना हरवले. शब्द तोच, जिल्हा तोच, वर्ष तेच. निकाल मात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. यावरून निष्कर्ष एवढाच काढावा की, बिरुद मते आपोआप ओढून आणत नाही. मतदार बिरुद ऐकतो, हसतो, कधी तेच पुन्हा उच्चारतो. परंतु निर्णय करताना तो अन्य पुष्कळ गोष्टी जमेस धरतो. निंदेला भुलणारा भाबडा ग्रामीण मतदार ही शहरी लेखकांची कल्पना या निकालांपुढे टिकत नाही.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रचारभाषणात मतदाराचे स्थान कोणते? संबोधने पाहिली तर ते सर्वोच्च दिसते. ‘मायबाप जनता’, ‘बळीराजा’, ‘माझ्या माताभगिनींनो’. सिंदखेडराजाच्या परिसरात तर ‘जिजाऊंच्या माहेरची माणसे’ असेही म्हटले जाते. परंतु संबोधन हे वाक्याच्या बाहेर असते. वाक्याच्या आत शिरून पाहिले म्हणजे चित्र पालटते. ‘त्यांनी तुम्हाला फसवले.’ ‘आम्ही तुम्हाला पाणी देऊ.’ पहिल्या वाक्यात मतदार कर्म आहे, दुसऱ्यात संप्रदान. दोन्ही ठिकाणी त्याला लागलेला प्रत्यय मात्र एकच: ‘-ला’. वऱ्हाडीत म्हणावयाचे तर ‘तुमाले फसवलं’ आणि ‘तुमाले देऊ’. निंदा व आवाहन यांचा सांधा व्याकरणात आहे असे आरंभी म्हटले, त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा हा प्रत्यय होय. निंदेत मतदार फसवला जाणारा, आवाहनात घेणारा. कर्ता तो कोठेच नाही. कर्तेपण त्याला मिळते ते ‘मत द्या’ या आज्ञार्थी वाक्यात, आणि तेही एका दिवसापुरते. मायबाप म्हणून हाक मारावयाची आणि लेकरू म्हणून वाक्यात बसवावयाचे, अशी ही रीत आहे.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला होता आणि बाजारात भाव त्याहून खाली होता. बीबीच्या परिसरातील सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यापुढे उभा असलेला प्रश्न हा होता. ‘शेतकऱ्याला भाव देऊ’ या वाक्यात शेतकरी घेणारा आहे. ‘खरेदी केंद्र कधी उघडले, किती दिवस चालले, आम्ही किती माल घातला आणि पैसे केव्हा मिळाले, हे आम्ही मोजणार आहोत’ या वाक्यात शेतकरी कर्ता आहे. दुसऱ्या प्रकारचे वाक्य सभेत वक्त्याच्या तोंडी क्वचितच येते, कारण ते वक्त्यालाही बांधून घालते.

म्हणून निंदा पूर्णतः वर्ज्य करावी, असा उपदेश येथे करावयाचा नाही. लोकशाहीत सत्ताधाऱ्याचे दोष चारचौघांत सांगणे हे आवश्यक कार्य आहे, आणि ते गोड भाषेत होईल अशी अपेक्षा धरता येत नाही. मात्र निंदेनिंदेत भेद करण्याचे एक साधे साधन भाषाशास्त्र देऊ शकते. वाक्यातून ‘म्हणे’ काढून टाकावे. प्रश्नाचे विधान करावे. ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही’ अथवा ‘मी’ यांपैकी खरा कर्ता घालावा. लोपलेला कर्ता भरून काढावा. एवढे केल्यावर जे उरते, त्यात तपासता येण्याजोगी गोष्ट असेल, तर ती निंदा उपयुक्त होय. काहीच उरले नाही, तर ते केवळ नाते जोडण्यासाठी केलेले बोलणे होते, असे समजावे.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण खेड्यांतून येतात आणि निवडणुकीच्या काळात गावी जातात. सभेतील भाषणे जशीच्या तशी टिपून, त्यांतील सर्वनामे, वचनपालट आणि बोलीपालट यांची नोंद त्यांनी केली, तर मराठीच्या व्यवहाराविषयी आज तुरळक असलेली सामग्री हाती येईल. ती टिपताना एकच प्रश्न मनाशी ठेवावा: या वाक्यात ऐकणारा माणूस कर्ता आहे, की प्रत्यय लागून कोपऱ्यात बसलेला आहे?